भूल देण्यापूर्वीची तीन मिनिटे

शस्त्रक्रिया म्हटली की भूल आलीच. अपेंडिक्स काढायचे असो, पित्ताशयातील खडे काढायचे असोत, की अपघातात चेचलेला पाय दुरुस्त करायचा असो, रोग्याला संपूर्ण भूल द्यायचे ठरले म्हणजे शस्त्रक्रियागृहात एक गोष्ट हमखास घडते. शिरेत औषध टोचण्यापूर्वी भूलतज्ज्ञ रोग्याच्या नाकातोंडावर एक मास्क ठेवतात आणि त्याला शांतपणे श्वास घ्यायला सांगतात. पुष्कळ रोग्यांची समजूत अशी होते की, या मास्कमधूनच भुलीचे औषध येत आहे. प्रत्यक्षात त्यातून येत असतो तो निव्वळ प्राणवायू.

आता प्रश्न असा पडतो की, रोगी पूर्ण शुद्धीवर आहे, त्याला धाप लागलेली नाही, त्याचे ओठ निळे पडलेले नाहीत. मग त्याला प्राणवायू कशासाठी? या प्रश्नाचे उत्तर वैद्यकशास्त्रात जितके आहे तितकेच ते पदार्थविज्ञानात आहे. वायूंचा दाब, मिश्रणाची विरलता आणि थोडी भागाकाराची आकडेमोड, एवढ्या शिदोरीवर आपण हे उत्तर शोधू या. लातूर-नांदेडकडची अनेक मुलेमुली आज वैद्यकीय प्रवेश परीक्षेची तयारी करतात. वर्गात शिकलेला वायूंचा नियम रोग्याच्या उशाशी कसा उपयोगी पडतो, हे त्यांना तरी अवश्य ठाऊक असावे.

श्वास का थांबतो?

झोप आणि भूल या दोन गोष्टी एक नव्हेत. झोपेत श्वास आपोआप चालू राहतो. संपूर्ण भूल देताना मात्र प्रथम शिरेतून बेशुद्ध करणारे औषध देतात आणि मग बहुधा स्नायू शिथिल करणारे औषध देतात. या दुसऱ्या औषधाने हातापायांच्या स्नायूंबरोबरच श्वासपटल आणि बरगड्यांमधील स्नायूही ढिले पडतात. श्वास पूर्णपणे थांबतो. यानंतर भूलतज्ज्ञ रोग्याचे तोंड उघडून, दिव्याच्या उपकरणाने घशात पाहून, श्वासनलिकेत एक नळी बसवतात. नळी बसली, ती यंत्राला जोडली की यंत्र रोग्याला श्वास देऊ लागते.

सरावलेल्या हाताला या कामास पुष्कळदा एक मिनिटही लागत नाही. पण एखाद्याची मान आखूड असते, एखाद्याचे तोंड पुरेसे उघडत नाही, अपघातात जबडा मोडलेला असतो. मग एक मिनिटाची दोन, तीन, चार मिनिटे होतात. मेंदूला मात्र थांबायला वेळ नसतो. प्राणवायूचा पुरवठा पूर्ण बंद पडला तर सुमारे चार-पाच मिनिटांत मेंदूला कायमची इजा होऊ लागते. श्वास थांबण्याचा क्षण आणि यंत्राचा पहिला श्वास यांमधली ही दरी रोग्याने कशाच्या बळावर ओलांडायची? उत्तर उघड आहे: अंगात आधीच साठवलेल्या प्राणवायूच्या बळावर.

श्वासाकडे लक्ष ठेवण्याच्या या शास्त्राशी आपल्या भागाचा एक जुना संबंधही आहे. १९४८ पर्यंत नांदेड आणि लातूर ही दोन्ही गावे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. क्लोरोफॉर्मने भूल देण्याची रीत १८४७ साली एडिंबरो येथे जेम्स सिम्प्सन यांनी सुरू केली. ती जगभर पसरली, परंतु भुलीत अधूनमधून रोगी एकाएकी दगावत. अशा वेळी आधी हृदय थांबते की आधी श्वास, यावर मोठा वाद होता. त्याचा निकाल लावण्यासाठी हैदराबादचे शल्यचिकित्सक एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने १८८८ आणि १८८९ साली दोन आयोग बसले. निजाम मीर महबूब अली खान यांनी त्यासाठी पैसा दिला आणि दुसऱ्या आयोगाच्या वेळी लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकाने लॉडर ब्रंटन यांना हैदराबादला पाठवले. शेकडो प्राण्यांवर प्रयोग करून आयोगाने सांगितले की, श्वास आधी थांबतो आणि हृदय नंतर. म्हणून भूल देणाऱ्याने श्वासावरून नजर हलवू नये. पुढे १९११ साली लेव्ही या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, क्लोरोफॉर्म हृदयही थेट बंद पाडू शकते. म्हणजे आयोगाचे म्हणणे अर्धेच खरे होते. पण श्वासाला जपा, हा त्यातला धडा टिकून राहिला. याच हैदराबादेत वैद्यक शिकलेल्या रूपाबाई फर्दुनजी यांना जगातील पहिल्या स्त्री-भूलतज्ज्ञांपैकी एक मानतात.

टाकी कोठे आहे?

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला प्यायचे पाणी रेल्वेने आणावे लागले. मिरजेहून आलेली पहिली गाडी १२ एप्रिल रोजी लातूरला पोचली; तिच्या दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. त्या दिवसांत प्रत्येक घराने एक हिशेब तोंडपाठ केला होता. नळ बंद असताना किती दिवस निभेल? टाकीत असलेले पाणी भागिले रोजचा खर्च. शस्त्रक्रियागृहातील हिशेब नेमका हाच आहे. श्वास हा नळ, प्राणवायू हे पाणी. टाकी कोठे आहे, तेवढे शोधायचे.

प्रथम रक्ताकडे पाहू. निरोगी माणसाच्या धमनीतील रक्तात १०० मिलिलिटरमागे सुमारे २० मिलिलिटर प्राणवायू असतो आणि तो जवळजवळ सगळा हिमोग्लोबिनला चिकटलेला असतो. साध्या हवेत श्वास घेतानाच हे हिमोग्लोबिन सुमारे ९७ टक्के भरलेले असते. भरलेल्या घागरीत आणखी किती ओतणार? निव्वळ प्राणवायू हुंगवला तरी विरघळलेल्या रूपात १०० मिलिलिटरमागे फार तर दीड-दोन मिलिलिटरची भर पडते. तेव्हा वाढवता येण्याजोगी टाकी रक्त ही नव्हे.

ती टाकी म्हणजे फुप्फुसे. आपण नेहमीचा श्वास सोडून दिला तरी फुप्फुसे रिकामी होत नाहीत. उताण्या झोपलेल्या प्रौढ माणसाच्या फुप्फुसांत वजनाच्या दर किलोग्रॅममागे सुमारे ३० मिलिलिटर वायू शिल्लक राहतो. माणूस ६० किलोग्रॅमचा असेल तर ही शिल्लक १,८०० मिलिलिटर होते. पण त्यात बहुतेक जागा अडवलेली असते ती नायट्रोजनने, जो शरीराच्या काहीच कामाचा नाही! तेव्हा टाकी मोठी करता येत नसली तरी तिच्यातील निरुपयोगी नायट्रोजन काढून त्या जागी प्राणवायू भरता येतो. भूल देण्यापूर्वी प्राणवायू देणे म्हणजे हेच होय.

लातूर आणि नांदेड: दाबाचा हिशेब

आता आकडे मांडू. नांदेड गोदाकाठी, समुद्रसपाटीपासून सुमारे ३६० मीटर उंचीवर आहे. लातूर बालाघाटच्या पठारावर, सुमारे ६३० मीटर उंचीवर. उंची वाढली की हवेचा दाब कमी होतो. समुद्रकाठी तो ७६० मिलिमीटर पारा असतो, तर नांदेडला सुमारे ७२८ आणि लातूरला सुमारे ७०५ मिलिमीटर.

आपण लातूरचा रोगी घेऊ. फुप्फुसांत शिरलेली हवा ३७ अंश सेल्सियसला बाष्पाने भरून जाते. त्या बाष्पाचा दाब ४७ मिलिमीटर. उरले ७०५ − ४७ = ६५८. हवेत प्राणवायू २१ टक्के, म्हणून आत घेतलेल्या हवेतील प्राणवायूचा आंशिक दाब ६५८ च्या २१ टक्के, म्हणजे सुमारे १३८ मिलिमीटर. वायुकोशांत पोचेपर्यंत रक्त त्यातील काही भाग उचलते आणि बदल्यात कार्बन डायऑक्साइड सोडते. त्यामुळे तेथे प्राणवायूचा दाब सुमारे ८८ मिलिमीटरच राहतो. कार्बन डायऑक्साइडचा दाब ४० असतो. बाकीचे ५३० मिलिमीटर हा सगळा नायट्रोजनचा दाब!

आता हा नायट्रोजन पूर्ण धुऊन काढला असे समजा. मग वायुकोशांत प्राणवायूचा दाब किती होईल? ७०५ − ४७ − ४० = ६१८ मिलिमीटर. म्हणजे ८८ वरून ६१८, सरळ सातपट.

या दाबावरून साठा काढू. बॉइल आणि चार्ल्स यांचे नियम एकत्र लावून १,८०० मिलिलिटर आकारमान प्रमाण तापमान व दाबाला आणले की:

साध्या हवेत: १,८०० × (८८ ÷ ७६०) × (२७३ ÷ ३१०) = सुमारे १८४ मिलिलिटर प्राणवायू.

निव्वळ प्राणवायूवर: १,८०० × (६१८ ÷ ७६०) × (२७३ ÷ ३१०) = सुमारे १,२९० मिलिलिटर प्राणवायू.

शांत पडलेल्या माणसाचे शरीर दर किलोग्रॅममागे मिनिटाला सुमारे साडेतीन मिलिलिटर प्राणवायू वापरते, म्हणजे ६० किलोग्रॅमच्या माणसाला २१० मिलिलिटर लागतो. भागाकार करा. साध्या हवेवर टाकी ५३ सेकंदांत रिकामी. प्राणवायूने भरलेली टाकी मात्र सहा मिनिटांहून थोडी जास्त टिकते. रक्तातील साठा, रोग्याचा बांधा यांमुळे हा काळ थोडा मागेपुढे होतो. प्रत्यक्षातही निरोगी प्रौढाचा श्वास थांबल्यावर रक्तातील प्राणवायू धोक्याच्या पातळीला येण्यास साध्या हवेनंतर सुमारे एक मिनिट, आणि नीट प्राणवायू दिल्यानंतर सहा ते आठ मिनिटे लागतात.

हाच हिशेब नांदेडसाठी केला तर प्राणवायूचा दाब ६४१ मिलिमीटर आणि टाकी सुमारे ६.४ मिनिटांची येते. म्हणजे दोन गावांच्या उंचीतील फरक सुमारे चौदा सेकंदांचा, तर मास्क लावणे आणि न लावणे यांतील फरक पाच मिनिटांचा!

पाच पेले शाईचे पाणी

टाकी भरायला वेळ किती लागतो? हे तुम्हांला घरीच पाहता येईल. एका भांड्यात पाच पेले पाणी घ्या आणि त्यात निळी शाई टाकून ते चांगले गडद करा. ही झाली नायट्रोजनने भरलेली फुप्फुसे. आता त्यात एक पेला स्वच्छ पाणी ओता, ढवळा आणि एक पेला पाणी बाहेर काढा. हा झाला प्राणवायूचा एक श्वास. पुन्हा एक पेला स्वच्छ पाणी ओता, ढवळा, एक पेला काढा. असे करत राहा.

पाच आणि एक हे प्रमाण मनाने घेतलेले नाही. शांत श्वासात आपण सुमारे ५०० मिलिलिटर हवा आत घेतो. त्यातील सुमारे १५० मिलिलिटर श्वासनलिका वगैरे वाटेतच राहते आणि वायुकोशांपर्यंत ३५० पोचते. १,८०० ला ३५० ने भागले की जवळजवळ पाच येतात.

प्रत्येक वेळी शाईचे प्रमाण आधीच्या पाच-षष्ठांश होते. चार वेळा केले की ते निम्म्याच्या थोडे खाली येते, आणखी चार वेळा केले की त्याच्याही निम्मे. किरणोत्सारी पदार्थाच्या ऱ्हासात आपण अर्धायुष्य शिकतो ना? तोच हा नियम. येथे अर्धायुष्य चार श्वासांचे आहे. मिनिटाला बारा श्वास धरले तर लातूरच्या रोग्याच्या फुप्फुसांतील नायट्रोजनचा दाब ५३० वरून एका मिनिटाने सुमारे ६३, दोन मिनिटांनी साडेसात आणि तीन मिनिटांनी एका मिलिमीटरच्या आत येतो.

मग दोन मिनिटांवर थांबले तर चालणार नाही का? भांड्यातील पाणी आपण ढवळले. फुप्फुसे कोणी ढवळत नाही. त्यांच्या काही भागांत वायू लवकर बदलतो, काही भागांत सावकाश. धूम्रपान करणाऱ्याच्या किंवा दम्याच्या रोग्याच्या फुप्फुसांत हा फरक फार मोठा असतो. कोणी उथळ श्वास घेतो. शिवाय रक्तात आणि ऊतींत विरघळलेला नायट्रोजनही हळूहळू बाहेर येत राहतो. म्हणून सर्वांना पुरेल असा काळ तीन मिनिटांचा ठरला आहे. १९५० नंतरच्या दशकात श्वासातून नायट्रोजन धुऊन काढण्याची जी मोजमापे झाली, त्यांनी या काळाला आधार दिला.

गळका मास्क

शाईच्या प्रयोगात आता एक बदल करा. सुरुवातीचे गडद पाणी थोडे बाजूला काढून ठेवा. प्रत्येक वेळी पूर्ण पेला स्वच्छ पाणी ओतण्याऐवजी अर्धा पेला स्वच्छ आणि अर्धा पेला त्या बाजूच्या गडद पाण्याचा ओता. काय दिसते? रंग काही वेळ फिका होत जातो आणि मूळच्या निम्म्यावर येऊन थबकतो. मग वीस वेळा करा की शंभर वेळा, तो पुढे सरकत नाही.

मास्क चेहऱ्यावर घट्ट बसला नाही तर हेच घडते. प्रत्येक श्वासाबरोबर फटीतून खोलीतील हवा, म्हणजे नायट्रोजन, आत येतो. समजा, श्वासातील चौथा भाग फटीतून आला. मग आत जाणाऱ्या मिश्रणात प्राणवायू सुमारे ८० टक्केच राहतो आणि वायुकोशांतील दाब ६१८ ऐवजी सुमारे ४८५ मिलिमीटर होतो. सहा मिनिटांतील सव्वा मिनिट त्या फटीतून निघून गेले! लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, वेळ कमी पडला असेल तर तो वाढवून देता येतो. पण मास्क गळत असेल तर कितीही वेळ दिला तरी ती उणीव भरून निघत नाही. दाढी असलेला माणूस, गालफडे बसलेला दात नसलेला वृद्ध, घाबरून मास्क दूर ढकलणारे मूल, या सर्वांच्या बाबतीत फट राहण्याची भीती जास्त असते. म्हणून मास्क चेहऱ्यापासून दोन बोटे वर धरून ठेवण्याला फारसा अर्थ नाही. तो कडेने सर्व बाजूंनी टेकला पाहिजे, आणि यंत्राची पिशवी प्रत्येक श्वासाबरोबर फुगताना व आकसताना दिसली पाहिजे.

चार श्वास की आठ?

कधी कधी तीन मिनिटेही हाती नसतात. बाळंतिणीला रक्तस्राव होत आहे, पोटातील बाळाचे ठोके मंदावत आहेत, अशा वेळी काय करावे? १९८१ साली गोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुचवले की, रोग्याने अर्ध्या मिनिटात चार खोल श्वास घ्यावेत. रक्तातील प्राणवायूचा दाब मोजला तर तो तीन मिनिटांच्या पद्धतीइतकाच येत होता. पण पुढे असे आढळले की, चार श्वासांनंतर रोग्याचा साठा लवकर संपतो.

याचे एक कारण साध्या बेरजेत आहे. खोल श्वास अडीच लिटरचा धरला तर चार श्वासांना अर्ध्या मिनिटात १० लिटर वायू हवा. यंत्रातून प्राणवायू मिनिटाला १० लिटर येत असेल तर अर्ध्या मिनिटात येतो ५ लिटर, आणि यंत्राच्या पिशवीत असतो सुमारे २ लिटर. बाकीचे ३ लिटर कोठून येणार? रोगी स्वतःचाच नायट्रोजनमिश्रित उच्छ्वास पुन्हा आत घेतो. १९९९ साली बैरूतचे बराका आणि त्यांचे सहकारी यांनी प्राणवायूचा प्रवाह मिनिटाला १० लिटर ठेवून एका मिनिटात आठ खोल श्वास देऊन पाहिले. हा उपाय तीन मिनिटांच्या पद्धतीच्या तोडीचा ठरला. म्हणून आज सांगतात ते असे: वेळ असेल तर तीन मिनिटे शांत श्वास, घाई असेल तर एका मिनिटात आठ खोल श्वास, चार श्वास हा अगदी नाइलाजाचा मार्ग.

बोटावरचे यंत्र काय सांगते?

रक्तातील प्राणवायू दाखवणारे, बोटाला लावायचे चिमटीसारखे यंत्र २०२० आणि २०२१ च्या कोरोनाच्या साथीत घरोघरी पोचले. त्याचे मूळ तत्त्व जपानचे ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली शोधले. मास्क लावल्यावर थोड्याच श्वासांत हे यंत्र ९९ किंवा १०० दाखवू लागते. मग काम झाले असे समजून मास्क काढावा का?

मुळीच नाही! हे यंत्र हिमोग्लोबिन किती भरले आहे ते सांगते, आणि हिमोग्लोबिन तर आधीच ९७ टक्के भरलेले होते. फुप्फुसांच्या टाकीत किती साठले, हे त्याला कळत नाही. नळाला पाणी आले म्हणजे गच्चीवरची टाकी भरली असे थोडेच होते? टाकी भरल्याची खरी खूण बाहेर पडणाऱ्या श्वासात असते. श्वास सोडताना अखेरीस जो वायू येतो तो वायुकोशांतला. त्यातील प्राणवायूचे प्रमाण ९० टक्के किंवा जास्त झाले म्हणजे टाकी भरली. हे मोजण्याची सोय भूल देण्याच्या आधुनिक यंत्रांत असते. ती नसेल तेथे घट्ट मास्क आणि घड्याळातील पूर्ण तीन मिनिटे, हाच भरवसा.

ज्यांची टाकी लहान, खर्च मोठा

सगळ्यांची टाकी सारखी नसते. दिवस भरत आलेल्या गर्भवतीच्या फुप्फुसांतील शिल्लक सुमारे पाचव्या भागाने कमी होते, कारण वाढलेले गर्भाशय श्वासपटलाला वर ढकलते. त्याच वेळी प्राणवायूचा खर्च पाचव्या भागाने किंवा त्याहूनही अधिक वाढतो. म्हणून तिचा साठा लवकर संपतो. सिझेरियन शस्त्रक्रिया बहुतेक वेळा पाठीच्या कण्यात इंजेक्शन देऊन होते. पण संपूर्ण भूल द्यावी लागली तर ही तीन मिनिटे तिच्यासाठी आणि बाळासाठीही मोलाची असतात.

लहान मुलाचे शरीर वजनाच्या मानाने जवळजवळ दुप्पट प्राणवायू वापरते. त्यामुळे त्याला मिळणारा अवधी प्रौढाच्या निम्म्याच्या आसपास येतो. स्थूल माणूस उताणा झोपला की पोटाचा भार श्वासपटलावर येतो आणि शिल्लक पुष्कळ घटते. येथे उपाय गुरुत्वाकर्षणाचाच आहे: डोक्याकडची बाजू सुमारे २५ अंशांनी उंच करायची. पोटातील अवयव खाली सरकतात, श्वासपटलाला जागा मिळते आणि टाकी मोठी होते. या उपायाला औषध लागत नाही.

श्वास नसतानाही प्राणवायू

आणखी एक गंमत पाहा. श्वास थांबला तरी रक्त वायुकोशांतून प्राणवायू उचलतच असते, मिनिटाला सुमारे २१० मिलिलिटर. उलट बाजूने येणारा कार्बन डायऑक्साइड मात्र बहुतेक रक्तात आणि ऊतींतच विरघळून राहतो; वायुकोशांत त्याचा थोडासाच भाग उतरतो. जाणारे जास्त, येणारे कमी. म्हणून फुप्फुसांतील दाब बाहेरच्यापेक्षा किंचित उतरतो आणि घशातील वायू आपोआप आत ओढला जातो. घशात त्या वेळी प्राणवायू असेल तर? नळ बंद असूनही टाकीत धार लागते! म्हणून नळी बसवताना रोग्याच्या नाकातून प्राणवायू चालू ठेवतात. १९५९ साली फ्रुमिन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की, अशा रीतीने श्वास थांबलेल्या माणसाच्या रक्तातील प्राणवायू अर्धा तास, किंबहुना त्याहून जास्त वेळ टिकवता येतो.

मात्र यात दोन अटी आहेत. घशापासून फुप्फुसांपर्यंतची वाट मोकळी हवी. आणि फुप्फुसे आधी प्राणवायूने भरलेली हवीत. शिवाय कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नसल्यामुळे तो रक्तात साठत जातो, म्हणून हा उपाय थोड्या वेळापुरताच.

निव्वळ प्राणवायूचा एक लहानसा तोटाही सांगितला पाहिजे. नायट्रोजन रक्तात फारसा शोषला जात नाही, त्यामुळे तो वायुकोशांना आतून टेकू देतो. तो काढून टाकला की काही वायुकोश मिटतात. नळी बसल्यावर यंत्राच्या दाबाने ते पुन्हा उघडता येतात, म्हणून पाच मिनिटांच्या सुरक्षिततेपुढे हा तोटा लहान मानतात.

खर्च किती?

मिनिटाला १० लिटर या दराने तीन मिनिटांना ३० लिटर प्राणवायू लागतो. कोरोनाच्या काळात जे मोठे जंबो सिलिंडर सर्वांच्या परिचयाचे झाले, त्यात सुमारे सात घनमीटर म्हणजे ७,००० लिटर प्राणवायू असतो. एका सिलिंडरमधून दोनशेहून जास्त रोग्यांची टाकी भरेल. नांदेडचे शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असो, लातूरची विलासराव देशमुख वैद्यकीय विज्ञान संस्था असो, की तालुक्याच्या गावातील चार खाटांचा दवाखाना असो, हवेचा आणि दाबाचा नियम सर्वत्र एकच. लागते ते एवढेच: घट्ट मास्क, भरपूर प्रवाह आणि घाई न करता मोजलेली तीन मिनिटे. पुढे तुमच्यापैकी कोणी शस्त्रक्रियागृहात उभे राहील, तेव्हा घड्याळाचा तो काटा तीन वेळा पूर्ण फिरू द्यावा. आणि तुम्ही रोगी म्हणून टेबलावर असाल, तर मास्क दूर न सारता शांतपणे श्वास घ्यावा. त्या वेळी तुम्ही स्वतःच स्वतःची टाकी भरत असता.

सोडवून पाहा

१. समुद्रकाठच्या मुंबईत हवेचा दाब ७६० मिलिमीटर धरून ६० किलोग्रॅमच्या माणसाची भरलेली टाकी किती मिनिटे टिकेल ते काढा.

२. गर्भवतीची शिल्लक पाचव्या भागाने कमी आणि खर्च पाचव्या भागाने जास्त धरला, तर तिचा अवधी नेहमीच्या किती पट होईल?

३. शाईच्या पहिल्या प्रयोगात शाई मूळच्या एक-षोडशांश होण्यास साधारण किती वेळा पाणी बदलावे लागेल? आधी गणिताने काढा, मग करून पाहा.

उत्तरे: (१) सुमारे ६.७ मिनिटे. (२) दोन-तृतीयांश. (३) सुमारे पंधरा वेळा.